सोनोग्राफीच्या कॉन्व्हेक्स प्रोबवर १२ सेंमीच्या खाली सगळं धुरकट, वर एक उभी काळी पट्टी. प्रोबच बदलायचा का?

विचारणा: मालवा_सोनो, इंदूर

ट्रॉलीवरचं सोनोग्राफी मशीन, सहा वर्षं जुनं. पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स (गोलसर तोंडाचा) प्रोब, १२८ एलिमेंट, म्हणजे आवाज पाठवणारे-ऐकणारे बारीक तुकडे. लिनियर (सपाट तोंडाच्या) प्रोबची तक्रार नाही. कॉन्व्हेक्सवर मात्र हे दिसतं:

१) लिव्हरच्या उजव्या लोबमध्ये १२ सेंमीच्या खाली नुसता काळा-करडा रवा. डायफ्रॅमची (लिव्हरमागच्या श्वासपटलाची) रेघ तुटक, कधी नाहीच.
२) पित्ताशयाच्या पुढच्या भिंतीलगत धुकं. स्लज (पित्तातला गाळ) आहे की आभास, ठरवता येत नाही.
३) मध्यापासून थोडं उजवीकडे, प्रोबच्या तोंडापासून साधारण ३ सेंमीपर्यंत एक अरुंद काळी पट्टी.
४) दुपारी ओपीडी भरात असताना बारीक ठिपक्यांच्या रेघा सरकत जातात. पॉवर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारा मोड) लावला की जास्त.
५) थर्मल प्रिंट स्क्रीनपेक्षा काळी येते.

गेन, म्हणजे इमेजचा उजेड, ८० टक्क्यांपर्यंत नेला, टीजीसीच्या (डेप्थनुसार गेन बदलणाऱ्या) खालच्या पट्ट्या पूर्ण उजवीकडे सरकवल्या, जेलीचा कॅन बदलला. फरक नाही. सर्व्हिसवाल्यांनी पंधरा मिनिटं पाहून नव्या प्रोबचं कोटेशन हातात दिलं. तेवढा खर्च करण्याआधी क्लिनिकमध्येच काय काय तपासता येईल? क्रमाने सांगितलंत तर बरं.

---

बायोमेड_बडोदे, वडोदरा

डॉक्टर, या पाच तक्रारींचं मूळ एकच असेल असं धरून कोटेशन दिलेलं दिसतंय. माझ्या मते ही किमान तीन वेगळी दुखणी आहेत. पट्टीपासून सुरू करू, कारण ती सर्वांत सोपी आणि कोटेशनचं कारणही तीच असणार.

हवेतली चाचणी: लेन्स स्वच्छ पुसून पूर्ण कोरडी करा. जेली नको. डेप्थ ३ ते ४ सेंमी, फोकस एकच आणि जितका वर नेता येईल तितका वर. हार्मोनिक, कंपाउंड, स्पेकल फिल्टर, पर्सिस्टन्स, म्हणजे इमेज साफ-गुळगुळीत करणारी बटणं, सगळी बंद. टीजीसी मधोमध. प्रोब हवेत धरला की लेन्सच्या आतल्या आत आवाज आपटून एकाखाली एक उजळ पट्टे दिसतात. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीचे आणि सारख्या उजेडाचे हवेत. जिथे उभा खाच पडल्यासारखा अंधार दिसेल, तिथले एलिमेंट मेलेले किंवा अशक्त आहेत. पट्ट्यांची जाडीच एखाद्या भागात बदललेली असेल तर लेन्स खालच्या थरापासून सुटली आहे. तो दोष वेगळा.

कंपाउंड आणि फिल्टर बंद करा हे मुद्दाम सांगतो. ते चालू असले की मेलेले एलिमेंट शेजारच्यांच्या आड लपतात, आणि मग 'प्रोब ठीक आहे' असा खोटा दाखला मिळतो.

पक्कं करायचं असेल तर पेपरक्लिप सरळ करून घ्या. लेन्सवर जेलीचा अगदी पातळ हात, गेन आणि पॉवर कमी. तार प्रोबच्या लांबीला आडवी ठेवून एका टोकाकडून दुसरीकडे हळू सरकवा. तारेखाली एक उजळ रेघ तिच्याबरोबर चालत जाते. ती रेघ जिथे विझते तिथे एलिमेंट नाही. तारेचं टोक लेन्सला टोचू देऊ नका, आडवा भागच टेकवा. १२८ एलिमेंटच्या कॉन्व्हेक्सचं तोंड साधारण ६० मिमी असतं, म्हणजे एकेक एलिमेंट अर्ध्या मिमीच्या आसपास. रेघ २ मिमी विझली तर चार एलिमेंट गेले असं धरा.

आता दोष कुठे आहे ते:

केबलची दोन्ही टोकं, म्हणजे प्रोबच्या मुठीजवळ आणि कनेक्टरजवळ, हलकेच वाकवून बघा. पट्टी लुकलुकली तर आतली तार तुटली आहे, एलिमेंट शाबूत आहे. ट्रॉलीच्या चाकाखाली येणाऱ्या आणि हुकावरून लोंबणाऱ्या केबलीत हेच होतं.

प्रोब दुसऱ्या पोर्टला लावा. पट्टी गेली तर पहिल्या पोर्टची पिन वाकली आहे किंवा रिले खराब आहे. टॉर्च लावून पिना पाहा.

दोन्ही पोर्टवर पट्टी आहे आणि लिनियरवरही हवेत तशीच दिसते, तर संशय मशीनच्या चॅनल बोर्डावर. मग नवा प्रोब आणूनही पट्टी राहील! कोटेशनवर सही करण्याआधी एवढं तरी बघाच.

आणि आता मुख्य हिशेब. चार एलिमेंट मेले म्हणून १२ सेंमीखालचं लिव्हर दिसेनासं होईल का? खोलवर एक रेघ काढायला मशीन समजा ६४ एलिमेंट वापरतं. त्यांतले ६० चालू. पाठवताना आणि घेताना दोन्हीकडे तेवढीच घट, म्हणजे ६०/६४ चा वर्ग, सुमारे ०.८८. डेसिबलमध्ये १.१. मऊ ऊतीत आवाज दर सेंमीला, दर मेगाहर्ट्झला साधारण ०.५ डीबी विरतो. ३.५ मेगाहर्ट्झवर जाऊन-येऊन दर सेंमीला ३.५ डीबी. म्हणजे त्या चार एलिमेंटांनी तुमची पोच जेमतेम ३ मिमी कमी केली, आणि तीही पट्टीच्या आसपासच्या रेघांवरच. साइड लोब (मुख्य रेघेच्या बाजूला सांडणारा आवाज) थोडे वाढतील, डॉपलर थोडा दुबळा होईल, हे खरं. पण पहिली तक्रार पट्टीची नव्हे.

चौथी तक्रार विजेची. प्रोब हवेत, अकौस्टिक पॉवर सर्वांत कमी, गेन पूर्ण. आता स्क्रीनवर जे उरतं तो मशीनचा आणि तारांतून आलेला गोंगाट (नॉइज), पेशंटचा त्यात काही संबंध नाही. रेघा दिसत असताना एकेक गोष्ट बंद करत जा: छतातलं एलईडी पॅनेल, एसी, शेजारचा कॉम्प्युटर, मोबाइल चार्जर, इलेक्ट्रिक बेड. एलईडीच्या ड्रायव्हरचं स्विचिंग काही दहा किलोहर्ट्झवर चालतं, पण त्याचे चढे सूर मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात, आणि तिथेच तुमचा प्रोब कान लावून बसलेला असतो. स्वस्त चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर तर सगळी स्क्रीन भरते. ऑनलाइन, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हवा.

मग मल्टिमीटरने मशीनच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा, मशीन आणि एसी चालू असताना. १-२ व्होल्टपर्यंत चालतं. ५ च्या वर गेला तर अर्थिंगकडे बघा. इंदूरला उन्हाळ्यात हे हमखास: मालव्याची काळी माती ओली असते तोवर अर्थिंग छान, वाळून भेगा पडल्या की पिटाची (अर्थिंगच्या खड्ड्याची) पकड सुटते आणि रेझिस्टन्स चढतो. पिटात पाणी घालण्याची पाइप असते ती उगाच नसते. मशीनसाठी पिट वेगळा, आणि एसीची लाइन वेगळी.

एक कळकळीची सूचना. 'रेघा जातात' म्हणून तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून देणारे इलेक्ट्रिशियन सापडतात. रेघा जातीलही. पण मग लीकेज करंट पेशंटमधून जाईल. लेन्सला चीर गेलेला प्रोब असेल, विशेषतः टीव्हीएसचा (योनीमार्गातून तपासायचा), तर हे फार धोक्याचं. चीर दिसली की तो प्रोब बाजूला ठेवा, इमेज कितीही छान येत असली तरी.

पंख्याचे फिल्टर महिन्यातून एकदा बाहेर नेऊन झटका. आत धूळ गेली की बोर्ड तापतात, आणि दुपारनंतर इमेज ढासळते.

---

डायफ्रॅम_दिसला_का, ग्वाल्हेर

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. मी नॉब आणि पेशंट या बाजूने लिहितो, कारण पहिल्या दोन तक्रारी मला तिथल्या वाटतात.

सर्वांत आधी एक प्रश्न: डायफ्रॅम सगळ्यांत दिसत नाही, की काहींतच? काहींतच दिसत नसेल तर मशीन निर्दोष असू शकतं. फॅटी लिव्हर स्वतःच आवाज गिळतं. पुढचा भाग पांढराफेक, मागचा काळा, डायफ्रॅम आणि पोर्टल शिरांच्या भिंती पुसट, हे तिसऱ्या ग्रेडचं वर्णन आहे, प्रोबचा दोष नाही. सडपातळ, विशीतला, रिकाम्या पोटाचा माणूस घ्या. त्याच्यात १५-१६ सेंमीपर्यंत स्वच्छ दिसलं तर मशीनला सोडा, सेटिंगकडे या.

मग फॅक्टरी प्रीसेट (मशीनसोबत आलेली तयार सेटिंग) परत बोलवा. सहा वर्षांत प्रत्येकाने त्यात थोडा हात मारून सेव्ह केलेलं असतं. फॅक्टरी आणि तुमचा, दोन्ही एकाच पेशंटवर शेजारी शेजारी पाहा. निम्मे धागेदोरे तिथेच सापडतात.

तुम्ही गेन ८० टक्क्यांवर नेलात. गेन हा कर्णा आहे. सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे करतो. खोलवर सिग्नलच गोंगाटात बुडाला असेल तर गेनने फक्त रवा उजळतो, आणि वरचा भाग पांढरा होऊन पित्ताशयाचं धुकं वाढतं. तुमची दुसरी तक्रार अर्धी इथूनच आली असणार. क्रम असा ठेवा: पॉवर, फ्रिक्वेन्सी, फोकस, आणि गेन सर्वांत शेवटी.

पॉवर: स्क्रीनच्या कोपऱ्यात एमआय आणि टीआय (आवाजाच्या यांत्रिक आणि उष्णतेच्या परिणामाचे निर्देशांक) पाहा. प्रीसेटमध्ये पॉवर ५०-६० टक्क्यांवर अडकलेली असते आणि कोणी बघत नाही. मोठ्या माणसाच्या पोटासाठी ती वाढवायला हरकत नाही. निदानासाठीच्या मशीनला एमआय १.९ च्या वर जाऊ देत नाहीत. गर्भावर मात्र हे नको. तिथे पॉवर खाली, आधी गेन, आणि तपासणी जितकी लवकर आटोपेल तितकी बरी. डोळ्याची मर्यादा तर फारच खाली आहे, एमआय ०.२३, त्यासाठी त्याचाच प्रीसेट.

फ्रिक्वेन्सी: बटणावर आकडा नसतो, 'रेस' (रेझोल्यूशन, बारकावा), 'जेन' (जनरल), 'पेन' (पेनिट्रेशन, खोल पोच) असं लिहिलेलं असतं. १५ सेंमीवरून परत यायला ५ मेगाहर्ट्झच्या लहरीला ७५ डीबीचा फटका बसतो, ३ मेगाहर्ट्झला ४५. तीस डीबीचा फरक कुठलाही गेन भरून काढत नाही. जाड पेशंटला 'पेन'. बारकावा थोडा कमी होईल, कारण तरंगलांबी ०.३ मिमीवरून ०.५ होते, पण न दिसणाऱ्या बारकाव्यापेक्षा दिसणारं जाडंभरडं बरं.

हार्मोनिक: २ ने पाठवून ४ ऐकतो. पोटाच्या भिंतीत उठणारा गोंधळ मूळ फ्रिक्वेन्सीत असतो, तो गळून पडतो. पित्ताशय, सिस्ट, मूत्राशय यांच्यासाठी उत्तम. पण दूर गेल्यावर हार्मोनिकच दुबळा पडतो. १५ सेंमीपलीकडे हार्मोनिक बंद करून बघा, कधी कधी डायफ्रॅम एकदम समोर येतो. दोन्ही करून पाहिल्याशिवाय निर्णय नको.

फोकस: बघायच्या जागी किंवा किंचित खाली. दोन-तीन फोकस लावायचा मोह टाळा. आवाजाला जाऊन-येऊन दर सेंमीला १३ मायक्रोसेकंद लागतात. १६ सेंमी डेप्थ म्हणजे २०८, अशा १२८ रेघा म्हणजे २६-२७ मिलिसेकंद, सेकंदाला ३७ फ्रेम. दोन फोकस केले की १८. त्यावर दोन पल्सचा हार्मोनिक लावला की ९. पेशंटने श्वास घेतला की सगळं फरपटतं, आणि आपण म्हणतो इमेज पुसट आहे. नवी मशीनं एका पल्समागे अनेक रेघा ऐकतात म्हणून इतकी अडचण होत नाही. सहा वर्षं जुन्या मशीनवर फ्रेम रेट बघून ठरवा. डेप्थही गरजेपुरतीच ठेवा. लिव्हर १५ ला संपत असताना २२ ठेवलेली असते.

टीजीसी: सगळ्या पट्ट्या मधोमध आणा, मग गेन, मग एकेक पट्टी. पूर्ण उजवीकडे ढकललेल्या खालच्या पट्ट्या म्हणजे रव्याचं प्रदर्शन.

पित्ताशयाचं धुकं तीन कारणांनी: भिंतीतून येणारे प्रतिध्वनी, साइड लोब, आणि रेघेची जाडी. प्रोबची कापणी कागदासारखी पातळ नसते, आडव्या दिशेला काही मिमी असते, म्हणून शेजारची भिंत आत मिसळते आणि खोटा स्लज दिसतो. वरचे टीजीसी कमी, हार्मोनिक चालू, आणि खिडकी बदला. मग पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. खरा स्लज हळूहळू सरकून खालच्या बाजूला बसतो, खोटा प्रोबच्या दिशेप्रमाणे जागा बदलतो.

आता कंपाउंड आणि स्पेकल फिल्टर. डेमोत मशीन विकलं जातं ते या दोन बटणांवर. इमेज मलईसारखी होते, बघणारा खूश. पण कंपाउंड वेगवेगळ्या कोनांतून बघून सरासरी काढतं, म्हणून बारीक खड्याची सावली पातळ होते किंवा दिसतच नाही. सिस्टच्या मागचा उजेडही तसाच जातो. आपण निदान ज्या खुणांवर करतो त्याच खुणा पुसायच्या आणि वर इमेज सुधारली म्हणायचं! खड्याचा संशय आला की कंपाउंड बंद, फोकस खड्यावर, फ्रिक्वेन्सी शक्य तितकी वर. फिल्टरची पातळी ० ते ५ असेल तर १ किंवा २ च्या वर नको. पर्सिस्टन्सही पोटासाठी मध्यम, हृदयासाठी जवळजवळ शून्य.

मशीनमध्ये आवाजाचा वेग बदलायची सोय असेल तर जाड पेशंटला वापरा. मशीन सगळीकडे १५४० मीटर प्रति सेकंद धरून चालतं. चरबीत तो १४५० च्या आसपास असतो. ३ सेंमी चरबीने अंतर फक्त २ मिमीने चुकतं, पण वेगवेगळ्या एलिमेंटांच्या वेळा जुळत नाहीत आणि फोकस फाटतो. १४८०-१५०० वर नेलं की कडा आवळून येतात.

हाताचंही काम आहे. प्रोब दाबून चरबीचा थर २ सेंमीने कमी केला तर ३.५ मेगाहर्ट्झवर ७ डीबी परत मिळाले, आणि फुकटात. बरगड्यांमधून बघा, श्वास रोखायला सांगा. उपाशीपोटी म्हणजे ६ ते ८ तास, आणि हे इंदूरच्या पेशंटला नीट समजावून सांगा: 'फक्त पोहे-जिलेबी खाल्ली' हा उपास नव्हे, आणि रात्री उशिरा सराफ्यात गराडू खाऊन सकाळी नऊला आलं तर आतडी वायूने भरलेलीच असणार. आकसलेल्या पित्ताशयात आणि वायूमागे कुठलंही मशीन काही दाखवत नाही.

---

मालवा_सोनो, इंदूर

दोघांचे आभार. आज करता आलं तेवढं केलं.

हवेत पट्टी स्पष्ट. पेपरक्लिपने मोजली तर २ मिमीपेक्षा थोडी कमी. कनेक्टरजवळ केबल वाकवली की पट्टी लुकलुकते. लिनियरवर काही नाही, दुसऱ्या पोर्टवर पट्टी तशीच.

न्यूट्रल-अर्थ ७ व्होल्ट, एसी चालू असताना. एलईडी पॅनेल बंद केल्यावर रेघा बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

प्रीसेट: पॉवर ६० टक्के, 'रेस', फोकस दोन, कंपाउंड पूर्ण, फिल्टर ४. फॅक्टरीवर आणून 'पेन', एक फोकस, पॉवर ९० केल्यावर सडपातळ पेशंटमध्ये डायफ्रॅम १६ सेंमीवर अखंड दिसला.

प्रिंटचं आणि पुढे हे घसरू नये म्हणून काय करावं ते राहिलं. आणि एक शंका: सेव्ह केलेल्या इमेज कॉम्प्युटरवर नेऊन एआयने साफ करणारी सॉफ्टवेअरं येतात, त्यांत अर्थ आहे का?

---

बायोमेड_बडोदे, वडोदरा

जेपेगवर मिळवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. प्रोबकडून आलेला सिग्नल शंभर डीबीच्या आसपासच्या पट्ट्यात असतो. मशीन त्याचा लॉग घेऊन ६०-७० डीबी ठेवतं आणि २५६ करड्या छटांत कोंबतं, मग जेपेग आणखी कातरतं. जे तिथे फेकलं गेलं ते सॉफ्टवेअर परत आणत नाही, अंदाजाने रंगवतं. ऊतीतला रवा, म्हणजे स्पेकल, हाही निव्वळ कचरा नसतो: एकसारख्या ऊतीत स्पेकलची सरासरी आणि त्याचं विचलन यांचं गुणोत्तर १.९१ असतं, हे लहरींच्या गणितातून येतं. स्वतंत्र अशा ९ इमेजांची सरासरी काढली तर ते जास्तीत जास्त तिप्पट सुधारतं. एका इमेजमधून ते ओढून काढायचं म्हणजे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळणं, आणि त्यात ३ मिमीचा घाव गेला तर कळणारही नाही. खरी सुधारणा लॉगच्या आधी, बीमफॉर्मिंगमध्ये (एलिमेंटांचे सिग्नल जुळवून रेघ बनवताना) होते, आणि ती मशीन बनवणाऱ्याच्या हातात. रिपोर्टसाठी बाहेरचं सॉफ्टवेअर वापरू नका. डायनॅमिक रेंज हवी तशी ठेवा: पोटाला ६०-७०, कॉन्ट्रास्ट हवा असेल तर ५५.

केबलचा दोष निघाला हे चांगलं झालं. कनेक्टरजवळचं तुटणं दुरुस्त होतं, नवा प्रोब लागत नाही. दुरुस्तीवाल्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा प्रत्येक एलिमेंटच्या संवेदनशीलतेचा आलेख, लीकेज करंटचा आकडा, आणि वॉरंटी. 'लेन्सही बदलून देतो' म्हणाला तर नको म्हणा. लेन्सची जाडी आणि गोलाई जरा बदलली की आडवा फोकस सरकतो, आणि तो कुठल्याच बटणाने परत आणता येत नाही.

प्रोब बाहेर जाताना आणि येताना चलन, सिरीयल नंबर, तारीख पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) फाइलला लावा. दुरुस्तीच्या काळात कोणी बदली मशीन आणून देतो म्हणाला तर त्याची नोंद आधी झाल्याशिवाय हात लावू नका.

लेन्सबद्दल राहिलं: खोबरेल तेल, बेबी ऑइल, लिक्विड पॅराफिन यांनी रबर फुगतं. स्पिरिटने वाळून तडकतं. मऊ कापड, पाणी, आणि प्रोबच्या पुस्तिकेत नाव असलेलंच जंतुनाशक. जेली वाळू न देता पेशंट उठला की लगेच पुसा. दवा बाजारातून पाच लिटरचा कॅन आणता तेव्हा बाटली भरायची आधी धुऊन वाळवा. जुन्यावर नवी ओतत राहू नका.

---

करडा_चौकोन, इंदूर

प्रिंटचं मी सांगतो, छोटं आहे. मॉनिटरवर एसएमपीटीईचा पॅटर्न (करड्या चौकोनांचं चाचणी-चित्र) लावा, बहुतेक मशीनच्या सर्व्हिस किंवा युटिलिटी मेनूत असतो. काळ्या चौकोनातला ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्यातला ९५ टक्क्यांचा छोटा चौकोन, दोन्ही दिसले पाहिजेत. काळ्यातला दिसत नसेल तर ब्राइटनेस कमी पडतोय किंवा खोलीत ट्यूबलाइट जास्त आहे. आधी खोली अंधारी करा, मग मॉनिटर, मग गेन. उजेडात बसून गेन वाढवलेली इमेज अंधारात भडक दिसते. मॉनिटर बसला की त्यानंतर त्याला हात लावू नका, आणि तोच पॅटर्न प्रिंट करा. प्रिंटवर ५ टक्के दिसत नसेल तर प्रिंटरच्या मेनूत कागदाचा प्रकार तपासा: साधा, हाय डेन्सिटी, ग्लॉसी यांचे गॅमा वेगळे असतात. रोल एक आणि सेटिंग दुसऱ्याचं, हेच बहुतेकदा निघतं. प्रिंटवर पांढरी उभी रेघ आली तर हेड क्लीनिंग शीट.

---

चायना_ग्रास, इंदूर

'पुढे घसरू नये' याला फँटम, म्हणजे ऊतीची नक्कल करणारा चाचणीचा ठोकळा, लागतो. विकतचा महाग असतो, पण स्वतःच्या मशीनची स्वतःशी तुलना करायला घरचा पुरतो.

आयईसीच्या (विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) प्रमाणित मिश्रणात वजनाने सुमारे ३ टक्के अगार आणि ११ टक्के ग्लिसरीन असतं, त्यामुळे वेग १५४० च्या जवळ येतो. अगार म्हणजे आपलं चायना ग्रास, सियागंजात मिळतं. पावडर घ्या, पट्ट्या भिजायला वेळ घेतात. जिलेटिन स्वस्त पडतं, पण मे महिन्यात टेबलावर वितळतं.

एका किलोला: पाणी ८५० मिली, ग्लिसरीन ११० ग्रॅम, चायना ग्रास ३० ग्रॅम, इसबगोलाची भुशी १० ग्रॅम, चिमूटभर सोडियम बेंझोएट. पाणी उकळून गार केलेलं घ्या म्हणजे त्यातली हवा जाते. अगार गार पाण्यात कालवून ढवळत उकळा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत. मग ग्लिसरीन. आच बंद करून हळू ढवळत थंड होऊ द्या. दाटसर होऊ लागलं, ५० अंशांच्या आसपास, की इसबगोल चिमटीने भुरभुरत घाला. गरम असताना घातलं तर तळाशी बसतं, एकदम घातलं तर गोळे होतात. जोरात फेटू नका. एकेक बुडबुडा खड्यासारखा चमकतो.

साचा म्हणून १८ सेंमी उंच प्लास्टिकचा डबा. त्याला आधीच भोकं पाडून मासे धरायची ०.३ मिमीची नायलॉन दोरी २ सेंमीच्या अंतराने १६ सेंमीपर्यंत आडवी ताणा, भोकं गोंदाने बंद करा. एवढ्या डब्याला माल तीन-चार किलो लागेल, त्या हिशेबाने वाढवा. ओतून झाकून ठेवा. वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवून, नाहीतर पाणी उडून आकसतं. फ्रिजमध्ये काही आठवडे राहतो, बुरशी दिसली की टाका. मोजण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

महिन्यातून एकदा, ठरलेला एक प्रीसेट, सेटिंग कागदावर लिहून भिंतीवर. तीन नोंदी: कुठल्या दोरीपर्यंत रवा एकसारखा दिसतो, दोऱ्यांमधलं अंतर किती येतं, आणि हवेतल्या पट्ट्यांचा फोटो. इसबगोलात आवाज लिव्हरइतका विरत नाही, म्हणून पोच जास्त दिसेल. तो आकडा पेशंटला लावू नका, फक्त मागच्या महिन्याशी ताडा. एक सेंमीने घटली तर शोध सुरू.

अंतर तपासायला नुसत्या पाण्याची बादली वापरू नका. २० अंशांच्या पाण्यात वेग १४८२ असतो, म्हणून १० सेंमीवरची दोरी १०.४ वर दिसते आणि माणूस कॅलिब्रेशन बिघडलं म्हणून फोन फिरवतो.

---

डायफ्रॅम_दिसला_का, ग्वाल्हेर

मालवा, नवी सेटिंग वेगळ्या नावाने सेव्ह करा, जुन्यावर नको: 'पोट सडपातळ', 'पोट जाड', 'खडा'. तिसऱ्यात कंपाउंड बंदच ठेवा. गर्भाचा प्रीसेट यातल्या कशावरूनही कॉपी करू नका, ९० टक्के पॉवर त्यात जाऊन बसेल. आणि पट्टी दुरुस्त होईपर्यंत थायरॉइड-अपेंडिक्स लिनियरवर. कॉन्व्हेक्सवर ३ सेंमीच्या आतलं काही त्या पट्टीखाली आलं तर प्रोब सरकवून दुसऱ्या भागाने बघा.

---

मालवा_सोनो, इंदूर

प्रिंटर साध्या कागदावर सेट होता, रोल हाय डेन्सिटीचा. बदलला, जुळलं. अर्थ पिट उघडायला उद्या माणूस येतोय. केबल दुरुस्तीला गेल्यावर एलिमेंटांचा आलेख आला की इथेच टाकते, पेशंटचं नाव-तारीख काढून.